दृश्यावर दृश्य दाखविणारी कांच

समोरचा रस्ता स्पष्ट दिसत असतां त्यावरच मार्ग सांगणारीं अक्षरें अधांतरीं उमटावीं, असा चष्मा आतां केवळ कल्पनेंतला राहिलेला नाहीं. अक्षरांचा प्रकाश निर्माण करणारें चिमुकलें यंत्र चष्म्याच्या दांडीजवळ बसतें. तेथून तो प्रकाश कांचेंत शिरतो, तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर आपटत पुढें सरकतो आणि बुबुळासमोर येतांच थोडथोडा डोळ्याकडे वळतो. पाण्यांत बुडी मारून तिरकें वर पाहिलें असतां पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. कांचेंत प्रकाश कोंडून ठेवणारा नियमही तोच होय.

प्रकाश डोळ्याकडे वळविण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यांत कांचेवर राळेचा थर देऊन, केसाच्या रुंदींत शंभराहून अधिक मावतील इतक्या बारीक रेषा साच्यानें ठशाप्रमाणें उमटवितात. काम झपाट्याचें खरें. परंतु अशा रेषा रंग फोडतात आणि कांहीं प्रकाश बाहेरच्या बाजूसही सांडतो. दुसऱ्या मार्गांत पातळ कांचपट्ट्यांवर अर्धवट परावर्तन करणारा मुलामा देऊन त्या एकावर एक चिकटवितात, मग तो गठ्ठा तिरका कापून घासतात. चित्र अधिक स्वच्छ मिळतें, पण मेहनत फार.

अशी एक कांच करणें अवघड असलें तरी साध्य आहे. लाखों करणें हीच खरी कसोटी. छापखान्यांत एखादें अक्षर पुसट उठलें तरी वाचक अर्थ लावून घेतो. येथें पृष्ठभाग किंचित असमांतर झाले, कीं प्रत्येक आपटीगणिक चूक वाढते आणि अक्षरें दुहेरी दिसूं लागतात. वीस क्रिया असून प्रत्येकींत शंभरांपैकीं पंच्याण्णव कांचा उतरल्या, तरी शेवटीं हातीं ३६ च राहतात! आणि बरेच दोष अखेरच्या तपासणींतच, म्हणजे सारा खर्च झाल्यावर उघडकीस येतात.

अमेरिकेंतील मेटा कंपनीनें २०२४ सालीं ‘ओरायन’ हा नमुना दाखविला. त्याचीं भिंगें सिलिकॉन कार्बाइडचीं होतीं. साध्या कांचेचा वक्रीभवनांक सुमारें १·५, तर याचा २·६ च्या वर. त्यामुळें चित्र सुमारें ७० अंश रुंद दिसे. पण हें द्रव्य अतिशय कठीण आणि महाग, म्हणून तो चष्मा विक्रीस आलाच नाहीं. १८८४ सालीं येना येथें निघालेल्या जर्मन शॉट कंपनीनें पट्ट्यांच्या कांचा कारखानदारी प्रमाणावर निघूं लागल्याचें २०२५ सालीं जाहीर केलें. त्याच वर्षीं मेटानें त्याच पद्धतीच्या कांचेचा चष्मा ७९९ डॉलरांस बाजारांत आणला. त्यांत अक्षरें फक्त उजव्या डोळ्यापुढें उमटतात. डावी कांच साधीच आहे.