जनुक खरे, झाड चुकीचे

मे 2025मध्ये दिल्लीत जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर झाली. त्यातले ‘पुसा डीएसटी राईस 1’ खारेपणा सोसते म्हटल्यावर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात लावणाऱ्या शेतकऱ्यांनी कान टवकारणे साहजिकच. तिथल्या तुये गावात कापूस पिकत नाही. तरी या वाणाबद्दल मत ठरवण्याआधी विदर्भातली बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच बनवणारी कपाशी, पाहावी. तंत्र वेगळे आहे, भातात परके जनुक नाही. पण प्रयोगशाळेतला गुण शेतात किती उतरतो, हा प्रश्न तोच.

बीटीचे समर्थक एक आकडा हमखास पुढे करतात: 2002-03मध्ये देशात हेक्टरी रुई सुमारे 300 किलो, 2007-08मध्ये साडेपाचशे. आकडा खरा, श्रेय संशयास्पद. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्यासह 2020मध्ये दाखवले, की उत्पादनाने पहिली मोठी उडी घेतली तेव्हा बीटीखालचे क्षेत्र दहा टक्केही नव्हते. उडीमागे खते होती, गुजरातचे सिंचन होते, नवी कीटकनाशके होती. हिरवी बोंडअळी बीटीने आवरली आणि सुरुवातीला फवारण्या घटल्या, हे मात्र मान्यच करावे लागते.

गुलाबी बोंडअळीने खरी परीक्षा घेतली. बहुतेक देशांनी बीटी जनुक सरळ वाणांत घातले, आपण संकरितात. कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. अशा झाडाच्या एकाच बोंडातल्या काही सरक्यांत बीटीची दोन्ही विषे, काहींत एकच, तर काहींत एकही नसते. अळीला विष पचवण्याचा सराव व्हायला याहून सोयीची जागा कुठली? त्यात हंगाम सहा महिन्यांचा, वर फरदड, म्हणजे हंगामानंतरही राखलेले पीक, आणि आश्रयपिकाची, म्हणजे बिगरबीटी कपाशीची, पाकिटे बांधावर न पेरता फेकून दिलेली. 2017मध्ये विदर्भात बोंडे आतून पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

‘फायदा नसता तर शेतकऱ्याने हे बियाणे घेतलेच का?’ असे विचारले जाते. पण बाजारात दुसरे बियाणे उरलेच नसेल, तर त्या खरेदीला पसंती म्हणता येत नाही. आणि दोष जनुकाचा कमी, ते ज्या झाडात घातले त्याचा अधिक: कमी मुदतीचे सरळ वाण असते, तर अळीला शेवटचे दोन महिने मिळालेच नसते.

म्हणून नव्या भाताचे बियाणे दारात येईल तेव्हा खाजनातले, कोरगुट या तिथल्या पारंपरिक भाताशेजारी लावून घेतलेले निदान तीन हंगामांचे आकडे कृषी खात्याकडे मागा.