छपरावरील अँटेना आणि बूस्टर

क्षीण संकेत मोठा करणारें यंत्र जोडलें कीं सर्व अडचण दूर होते, ही समजूत नभोवाणीइतकीच जुनी असावी. अमेरिकेंत केबलच्या मासिक बिलास कंटाळून ज्या कुटुंबांनीं पुन्हां छपरावर अँटेना उभारला, त्यांच्यांतहि ती पुष्कळ आढळते. चित्र तुटूं लागलें कीं सर्वांत जोरदार बूस्टर आणावयाचा, आणि तो लावल्यावर होतीं तीं केंद्रेंहि नाहींशीं झालीं म्हणजे यंत्रास दोष द्यावयाचा! दूरच्या शेतवस्तीवर टॉर्नेडोची सूचना देणारें स्थानिक केंद्रच असें गेलें, तर प्रश्न नुसत्या करमणुकीचा राहत नाहीं.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र 1972 सालीं सुरू झालें. त्या काळांत दूरच्या गांवीं अँटेना उंच चढविणाऱ्या घरांना पडद्यावरील ‘मुंग्या’ चांगल्या परिचयाच्या होत्या. संकेत दुर्बळ होई तशा मुंग्या वाढत. तरी चित्र ओळखूं येई. डिजिटल प्रक्षेपणांत ही सवलत नाहीं. अमेरिकेच्या मोठ्या केंद्रांनीं 12 जून 2009 रोजीं जुनें प्रक्षेपण बंद केलें. त्यांच्या जागीं रूढ झालेल्या पद्धतींत संकेत खरखरीपेक्षां सुमारें 15 डेसिबेल, म्हणजे जवळजवळ 32 पट, बलवान असावा लागतो. तेवढा असला कीं चित्र निर्मळ. किंचित् कमी पडला कीं चौकोनी तुकडे, आणि मग कांहींच नाहीं.

ही खरखर थोडी बाहेरून येते, परंतु पुष्कळशी दूरचित्रवाणी संचाच्या पोटांतच उत्पन्न होते. उलट संकेत वाटेंत झिजत असतो. नेहमींच्या केबलच्या 100 फूट लांबींत, 600 मेगाहर्ट्झच्या आसपास, सुमारें 6 डेसिबेल घट होते. शक्तीचा चतुर्थांशच उरतो. दोन संचांसाठीं फांटा काढला कीं आणखी साडेतीन डेसिबेल जातात. संचापर्यंत पोंचतो तो मूळ संकेताचा नववा हिस्सा. संचाची खरखर मात्र तेवढीच राहते.

यास्तव बूस्टर बसवावयाचा तो अँटेनापाशींच, झीज होण्यापूर्वीं. यंत्रांच्या साखळींत पहिल्याची खरखर पुरती मोजली जाते. पुढच्यांची खरखर पहिल्यानें दिलेल्या वाढीनें भागली जाते. डेन्मार्कमध्यें जन्मलेले व अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत काम केलेले हॅरल्ड फ्रिस यांनीं हा नियम 1944 सालीं मांडला. संचाचा खरखरांक 7 डेसिबेल धरला, तर वरील घट मिळवून सर्व मांडणीचा अंक साडेसोळा होतो. अँटेनापाशीं 2 डेसिबेल खरखरांकाचा आणि 20 डेसिबेल वाढ देणारा बूस्टर बसविला कीं तोच अंक 3 वर उतरतो. हा सुमारें 13 डेसिबेलांचा लाभ झाला. आतां 20 ऐवजीं 30 डेसिबेलांचा बूस्टर घेतला, तर अधिक लाभ किती? जेमतेम 1 डेसिबेलाचा! जाहिरातींत मात्र मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो वाढीचा आंकडा. तोच बूस्टर खालीं संचाशेजारीं ठेवला, तर केबलमध्यें झालेली हानि भरून निघत नाहीं. आणि मध्यें डोंगर आडवा आल्यामुळें संकेतच पोंचत नसेल, तर अँटेना अधिक उंच किंवा मोठा करणें हाच उपाय होय.

अतिरिक्त वाढ केवळ निरुपयोगी नव्हे, घातकहि असते. जवळचे मनोरे बलवान असले तर बूस्टर गुदमरतो. निरनिराळ्या केंद्रांचे संकेत त्याच्या पोटांत मिसळून नवे, खोटे संकेत जन्मतात, आणि त्यांखालीं दूरचें केंद्र बुडतें. 88 ते 108 मेगाहर्ट्झवरील एफ. एम. नभोवाणीहि हा उपद्रव देते; म्हणून तिला अडविणारी गाळणी असलेला बूस्टर घ्यावा. 2020 पासून अमेरिकेंत 608 मेगाहर्ट्झच्या वर दूरचित्रवाणीचें केंद्र नाहीं. त्यापलीकडील बराच पट्टा मोबाइल फोनकडे गेला आहे. जुने बूस्टर तोहि इमानानें वाढवितात! ज्या घरांतून मनोरे दिसतात, तेथें बहुधा बूस्टर न लावणेंच श्रेयस्कर.

एक साधी गोष्ट राहते. छपरावरील बूस्टरला वीज त्याच केबलमधून, घरांत ठेवलेल्या लहान पेटींतून, जाते. पेटी व बूस्टर यांमध्यें वीज न सोडणारा फांटा आला, किंवा कोणीं ती पेटी निरुपयोगी समजून बंद केली, तर बहुतेक बूस्टर संकेत वाढविण्याऐवजीं अडवूनच धरतात. चित्र एकाएकीं गेल्यास शिडी लावण्यापूर्वीं ती पेटी पाहावी.