पडावे कसे? : स्त्रियांचा रग्बी खेळ आणि दुखापतींचा प्रतिबंध

२७ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनमधील ट्विकनमच्या मैदानावर स्त्रियांच्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडने कॅनडावर ३३–१३ असा विजय मिळविला. सामन्यास ८१,८८५ प्रेक्षक उपस्थित होते. या स्पर्धेत खेळाडूंच्या दंतरक्षकांत एक लहानसा दिवा बसविण्यात आला होता. डोक्यास ठरावीक मर्यादेपलीकडे हादरा बसला की तो लाल चमके, आणि त्या खेळाडूस तपासणीसाठी मैदानाबाहेर जावे लागे. असा दिवा लावण्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी प्रथम खेळाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

रग्बीच्या मूळ प्रकारात प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पुढे धावावयाचे, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्यास धरून खाली पाडावयाचे, असा हा खेळ आहे. या धरण्यास ‘टॅकल’ म्हणतात. कबड्डीतील पकड ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची कल्पना सहज येईल; मात्र येथे बहुधा दोन्ही खेळाडू वेगात असतात. रग्बीतील सर्वाधिक दुखापती या पकडीतच होतात, आणि त्या धरणाऱ्यास व धरल्या जाणाऱ्यास, अशा दोघांसही होतात.

मस्तक आणि मान

मनुष्याच्या मस्तकाचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलोग्रॅम असते. कवटीच्या आत मेंदू द्रवाने वेढलेला असतो. मस्तक एकाएकी थांबले किंवा वळले, तरी मेंदू आपल्या गतीने पुढे जाऊ पाहतो आणि त्याच्या नाजूक तंतूंवर ताण पडतो. कवटीस ओरखडाही न उठता मेंदूस इजा होते ती अशी. मऊ शिरस्त्राण कातडीचे रक्षण करते. परंतु त्यामुळे मेंदूचा हा हादरा टळतो असे आढळलेले नाही. मस्तकास आवरून धरण्याचे काम मानेच्या स्नायूंनाच करावे लागते.

वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यार्थी-खेळाडूंच्या दंतरक्षकांत मापनयंत्रे बसवून या हादऱ्यांचा अभ्यास केला व तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्त्रियांच्या मानेचे बळ पुरुषांच्या जवळजवळ निम्मे आढळले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की स्त्रियांना बसलेल्या हादऱ्यांपैकी सुमारे निम्मे हादरे पडताना मान झटक्याने मागे जाऊन बसले होते. पुरुषांत हा प्रकार क्वचितच आढळला.

ही उणीव केवळ शरीराची मानणे योग्य नव्हे. अनेक मुलगे हा खेळ शाळेतच शिकतात, तर पुष्कळ स्त्रिया तो वयात आल्यावर प्रथमच खेळू लागतात. पडण्याची कला त्यांना कोणी शिकविलेलीच नसते. म्हणजे जे शिक्षणाअभावी घडते ते शिक्षणाने टाळता येण्याजोगे आहे.

शिकविण्याच्या गोष्टी

पडताना हनुवटी छातीशी घ्यावी, पाठ गोल करावी आणि आधारासाठी हात ताठ पुढे करू नये. हे प्रथम गुडघ्यांवर बसून, मग चालताना आणि शेवटी धावताना शिकवावे. मानेसाठी साधनांची गरज नाही. जोडीदाराने डोक्यास चारही दिशांनी हळूहळू हाताने रेटावे व खेळाडूने डोके स्थिर ठेवावे. पकड करताना कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, दृष्टी समोर ठेवावी आणि आपले डोके प्रतिस्पर्ध्याच्या अंगाच्या बाजूस, त्याच्या मार्गाबाहेर ठेवावे. पकड जितकी उंच, तितका दोन डोकी आपटण्याचा धोका अधिक. म्हणून इंग्लंडमध्ये २०२३ पासून हौशी सामन्यांत छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाखालीच पकड करण्याचा नियम झाला.

गुडघ्याकडेही लक्ष द्यावयास हवे. गुडघ्याच्या आत फुलीच्या आकाराचे दोन अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा बंध तुटल्यास खेळाडूस बहुधा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ मैदानाबाहेर राहावे लागते, आणि स्त्रियांत ही दुखापत पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात होते. उडीनंतर गुडघे वाकवून, ते आत न वळू देता उतरण्याचा सराव हा त्यावरील प्रमुख उपाय होय.

अशा व्यायामांचा गुण पारखला गेला आहे. इंग्लंडमधील ४० शाळांत १४ ते १८ वर्षांच्या खेळाडूंवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठवड्यातून किमान तीन वेळा ते करणाऱ्या संघांत सामन्यांतील दुखापती ७२ टक्क्यांनी व मेंदूच्या हादऱ्याच्या दुखापती ५९ टक्क्यांनी कमी आढळल्या. परंतु हे सर्व खेळाडू मुलगे होते! मुलांवरून काढलेले निष्कर्ष मुलींना न तपासता लावावयाचे, ही जुनीच चूक आहे. दंतरक्षकातील इशाऱ्याची मर्यादाही म्हणूनच वेगळी ठरविण्यात आली : पुरुषांसाठी गुरुत्वत्वरणाच्या ७५ पट, तर स्त्रियांसाठी ६५ पट.

भारताच्या महिला संघाने या प्रकारातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये खेळला, आणि २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१–१९ असे हरवून पहिला विजय मिळविला. शाळेच्या मैदानावर चमकणारा दंतरक्षक नसेल, परंतु शिक्षकाची नजर असते. आघातानंतर मुलगी गोंधळलेली दिसली, तिचा तोल गेला किंवा तिला मळमळू लागले, तर तिला ताबडतोब बाहेर बसवावे, डॉक्टरांस दाखवावे आणि त्यांच्या संमतीवाचून पुन्हा खेळवू नये. एक सामना हरला तर तो पुढील वर्षी जिंकता येतो. मेंदूच्या बाबतीत तसा भरवसा देता येत नाही.