शेवळांचे पंधरा दिवस

वळवाच्या सरी पडून जातात, मृग तोंडावर येतो आणि ठाणे-कल्याणच्या स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. तपकिरी-जांभळट, मिटलेल्या लांब कळ्यांसारखं हे प्रकरण नवख्याला भाजी वाटतच नाही. जुडीशेजारी हिरव्या, आंबट-तुरट काकडांचा छोटा वाटा असतो. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. मग शेवळं दिसेनाशी होतात, ती थेट पुढच्या जूनपर्यंत.

यंदा माझी भाची ती जुडी हातात धरून म्हणाली, "मावशी, बाराही महिने सगळं मिळतं. मग एवढ्या खटपटीची भाजी आता करायची कशाला?" प्रश्न खरा आहे आणि त्याला "आपली परंपरा" एवढं उत्तर पुरत नाही.

आधी ती खटपट सांगते. शेवळं सुरणाच्या कुळातली. कंद वर्षभर जमिनीत निजलेला असतो, पहिल्या पावसाला त्याचा फुलोरा वर येतो आणि पान मागून फुटतं. त्या कोवळ्या पानांची भाजी म्हणजे लोत. या सगळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून नीट न केलेली भाजी घसा खाजवते. फुलोऱ्यातला दाणेदार पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून चांगलं शिजवायचं आणि त्यात काकडांचा रस घालायचा. खाज मारणारं ते फळ त्याच जंगलात, त्याच दिवसांत तयार असतं. सीकेपी घरांत त्यात सोडे (सुकवलेली कोळंबी) पडतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की पूर्वी होड्या किनाऱ्यालाच असायच्या. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ताजी मासळी नाही, तेव्हा उन्हाळ्यात वाळवलेले सोडे कामी येतात. रान, समुद्र आणि साठवणीचा डबा, तिन्हींचं वेळापत्रक एका पातेल्यात जुळलेलं आहे.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. जवळचं खाल्लं की वाहतूक वाचते आणि पृथ्वीवरचा भार हलका होतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या वेबर आणि मॅथ्यूज यांनी 2008 मध्ये तिथल्या अन्नाचा हिशेब मांडला. उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या वाहतुकीचा वाटा अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात सुमारे 4 टक्केच निघाला. मोठा भाग, 83 टक्के, उत्पादनाचा होता. ब्रिटनमध्ये थंडीत काचघर तापवून पिकवलेल्या टोमॅटोपेक्षा स्पेनच्या उन्हात वाढून ट्रकने आलेला टोमॅटो कमी भार टाकतो, असंही दिसून आलं आहे. म्हणजे "जवळचं" आणि "ऋतूतलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली वजनदार गोष्ट ऋतूची आहे.

नुसत्या अंतराचा हट्ट आपल्याला परवडणाराही नाही. नाशिकची द्राक्षं युरोपात जातात. तिथल्या प्रत्येकाने फक्त जवळचंच खायचं ठरवलं तर पिंपळगाव-निफाडच्या बागायतदाराने काय करायचं? आणि "आपलं" तरी कशाला म्हणायचं? मिरची, बटाटा, टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेतला, आणि आज आपल्याकडे येतो तो बहुतांश तामिळनाडूतल्या सेलम भागातून. मातीने जे सामावून घेतलं ते आपलं झालं.

ऋतूचं मात्र तसं नाही. हंगामात पीक त्या हवेत स्वतःच्या बळावर वाढतं, मुबलक येतं, म्हणून स्वस्त मिळतं. पालेभाजी तोडल्यापासून तिच्यातलं क जीवनसत्त्व घटू लागतं, म्हणून सकाळी तोडलेली आणि दुपारी शिजलेली मेथी ही खरोखरच वेगळी भाजी असते. साठवणही ऋतूच्या विरोधात नाही. उन्हाळी कांदा चाळीत, वाल मडक्यात, नाचणी कणगीत राहते. सह्याद्रीच्या उतारावर नुसत्या पावसावर येणाऱ्या या नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तरी शहरातल्या सकाळच्या वाटीत ओट्स आले आणि आंबील गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या सणांनी ही जाण ताटात बांधून ठेवली होती. भोगीला सोलाणे, पावटे, गाजर, वांगी, बोरं आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, म्हणजे पौषातलं शिवारच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातला अळू, माठ, पडवळ, भोपळा.

पण माझं खरं उत्तर याहून पुढचं आहे. जे खाल्लं जात नाही ते पेरलं जात नाही, आणि रानातलं असेल तर ओळखलंही जात नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यांसारखी गावठी बियाणी जपली, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण बियाण्याला गिऱ्हाईक लागतं, ते ताटातूनच येतं. शेवळांना तर बियाण्याची बँकही नाही. त्यांचा कंद ज्या टेकडीत निजलेला आहे ती टेकडी इमारतीसाठी कापली की संपलं. शेवळं कुठे येतात, काकडं कोणत्या झाडाला लागतात, हे ठाऊक असणारी बाई टोपली घेऊन यायची थांबली तर ते ज्ञान पुस्तकातून परत मिळणार नाही.

कृषी विभाग ऑगस्टमध्ये जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतो. त्यात टाकळा, करटोली, भारंगी भेटतात. जरूर जा. पण शेवळं तोवर संपलेली असतात. त्यांच्यासाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात स्टेशनबाहेर थांबा. जुडी घ्या, काकडं न विसरता मागून घ्या, भाव करू नका, आणि कशी करायची ते त्या बाईलाच विचारा. ती सांगते.