इफ्तारचे ताट आणि प्लेटलेट

डेंग्यूचा ताप आला की घरात एकच प्रश्न, "प्लेटलेट किती?" निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्त थांबवणे एवढेच त्यांचे काम नाही. जंतूंना चिकटून त्या पांढऱ्या पेशींनाही मदतीला बोलावतात. त्या ७ ते १० दिवसच जगतात, म्हणून हाडांतल्या मज्जेत नव्या सतत तयार व्हाव्या लागतात. त्यासाठी फोलेट आणि बी-१२ हवे. इफ्तारच्या चण्यांत, आपल्या सावनेरच्या संत्र्यांत फोलेट आहे. दूध, अंडी, मटणात बी-१२. पण डेंग्यूत कोणतेही फळ एका रात्रीत आकडा वाढवत नाही. तेव्हा रोजा ठेवू नका, पाणी प्या, डॉक्टरांकडे जा. आजाऱ्याने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुरआनानेच (२:१८५) दिली आहे.