समुद्र बघायचा, पण सावकाश

अक्कलकोटात बाहेरगावच्या गाड्या रोज येतात. सकाळी इथलं दर्शन, दुपारी गाणगापूर, रात्री तुळजापूर. गाडीतून उतरणाऱ्या बायकांचे सुजलेले पाय आम्ही बघतो. म्हणून गटातल्या आम्ही सात जणींनी कोकणात जायचं ठरवलं तेव्हा एकच अट घातली, पळापळ करायची नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई 76 वर्षांच्या. गुडघे दुखतात, आणि समुद्र कधी बघितलेला नव्हता.

आधी इथूनच गाडी करायचं बघितलं. भाडं किलोमीटरवर असतं, पण त्यात मेख आहे. बाहेरगावी गाडी नेली की दिवसाला ठरावीक किलोमीटर धरतातच, बहुतेक ठिकाणी 300. गाडी तेवढी चालो न चालो. चार दिवसांचे झाले 1200. आमचं जाणं-येणं साधारण 800 आणि तिथलं फिरणं 150, म्हणजे 950. किलोमीटरला 16 रुपये धरले तर न फिरलेल्या 250 किलोमीटरचे 4000 रुपये द्यायचे. शिवाय चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. सावकाश फिरणाऱ्याला हा हिशोब परवडत नाही.

मग आम्ही दोन तुकडे केले. सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी हा लांबचा पल्ला एसटीनं. 17 मार्च 2023 पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना तिकीटच नाही. सासूबाईंनी आधारकार्ड पदराच्या गाठीत बांधूनच ठेवलं होतं. गाडी फक्त तिथं, दिवसापुरती. स्थानिक भाडं बहुधा 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असं असतं. तास गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून मोजतात की आपण बसल्यापासून, हे आधी विचारा. आम्ही विचारलं नाही, पहिल्या दिवशी पाऊण तास गेला.

गाडीची पाटी बघायला शिका. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची परवानाधारक गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्यानं मिळते ती. तिला लायसन लागतं, अनामत ठेवावी लागते, आणि घेताना सगळ्या बाजूंनी मोबाइलवर चित्रण करून ठेवावं, नाहीतर जुना ओरखडा आपल्या नावावर. पांढरी पाटी ही घरगुती गाडी. कुणी ओळखीचा स्वस्तात नेतो म्हणेल, पण भाड्यानं नेताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. पाचशे रुपये वाचवायला सात घरांच्या बायका पणाला लावायच्या का?

रत्नागिरीत थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथंच वारला. मग आरे-वारेच्या किनाऱ्यानं गणपतीपुळे, मुक्काम तिथंच. पुळ्याच्या समुद्रात मात्र उतरू नका, फार ओढ आहे.

दुसऱ्या दिवशी जयगड. तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून तवसाळ. बोटीवर गाडीच चढते! गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं. नाहीतर खाडीला मोठा वळसा पडतो. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे चढतानाच विचारून घ्या.

पलीकडे हेदवीला बामणघळ आहे. खडकाला उभी चीर आहे आणि भरतीला पाणी त्यातून उंच उडतं. ते बघायला भरतीच हवी. कोकणातले लोक तिथीवरून सांगतात, तिथीची पाऊणपट. त्या दिवशी चतुर्थी होती. चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती. सहा तास मागं-पुढं ओहोटी. अंदाज ढोबळ आहे, पण पंचांग तर आपल्या घरात असतंच. ओल्या खडकावर पाय ठेवायचा नाही, लांबूनच बघायचं.

चालकदादा म्हणाले, "अजून वेळणेश्वर, गुहागर दाखवतो." आम्ही नको म्हटलं. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. सासूबाई वाळूवर पाय पसरून बसल्या आणि पाण्याकडं बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि आपल्याकडं टँकर." शेवटच्या बोटीला अजून दीड तास होता.