शेतावरील नवी इमारत पर्यावरणपूरक आहे का? हिशेब भट्टीपाशी मांडावा

नवी इमारत कितपत पर्यावरणपूरक आहे, हे ठरविण्याच्या पद्धती आता देशात रूढ झाल्या आहेत. 'टेरी' संस्थेने विकसित केलेली आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने स्वीकारलेली 'गृह' ही त्यांपैकी प्रमुख पद्धत होय. ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य, कचरा इत्यादी निकषांवर गुण देऊन इमारतीस १ ते ५ तारे दिले जातात. मात्र या पद्धतीचा वापर मुख्यतः घरे, कार्यालये व संस्थांच्या इमारतींसाठी होतो. शेतावरील वाळवणगृह किंवा भट्टीघर कोणत्या मापाने मोजावे?

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुका या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. हा व्हर्जिनिया तंबाखूचा पट्टा आहे. निपाणी भागातील विडी तंबाखू उन्हात वाळते. व्हर्जिनिया तंबाखूसाठी मात्र बंदिस्त भट्टीघर लागते. लाकूड जाळून तापलेले वायू लोखंडी नळांतून आत फिरवितात आणि साधारण ५ ते ६ दिवसांत तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसपासून टप्प्याटप्प्याने ७० अंशांच्या आसपास नेतात. नागरहोळेचे जंगल येथून दूर नाही. त्यामुळे भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक ओंडक्याला शेतकऱ्याच्या खर्चापलीकडेही अर्थ आहे.

किमान गरज किती?

१ किलो वाळलेले पान मिळविण्यासाठी सुमारे ६ किलो हिरवे पान लागते, असे धरू. म्हणजे ५ किलो पाणी उडवावे लागते. त्यास साधारण १२ मेगाज्यूल उष्णता पुरते. हवेत वाळलेल्या १ किलो लाकडापासून सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजेच तत्त्वतः १ किलोहूनही कमी लाकूड पुरेसे ठरावे. प्रत्यक्षात याच्या कित्येक पट लाकूड जळते. उरलेली उष्णता छत, भिंती, दारांच्या फटी आणि धुराड्यावाटे निघून जाते. ओले लाकूड वापरल्यास त्यातील पाणी उडविण्यातच उष्णतेचा मोठा वाटा खर्च होतो.

म्हणून भट्टीघराचा खरा निकष एकच : १ किलो वाळलेल्या पानामागे किती लाकूड जळले? विटा भाजण्यास इंधन एकदाच लागते. इमारत मात्र दर हंगामात, अनेक वर्षे इंधन मागत राहते. बांधकामातील काटकसर छताच्या उष्णतारोधनावर केली, तर तिची किंमत पुढे दर खेपेस मोजावी लागते.

मूल्यांकन कसे करावे?

१. प्रत्येक खेपेचे लाकूड वजन करून नोंदवावे. ते ओले की वाळलेले, हेही लिहावे.
२. वाळलेल्या मालाचे वजन घेऊन प्रतिकिलो लाकूड काढावे.
३. छत प्रथम तपासावे. उष्ण हवा वर चढते.
४. झरोके आवश्यक आहेत, कारण दमट हवा गरजेनुसार बाहेर सोडावी लागते. फटी मात्र बुजवाव्यात. त्यांवर आपले नियंत्रण नसते.
५. सुधारणेआधीच्या आणि नंतरच्या किमान तीन खेपांची तुलना करावी.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळातील चुलवाण असो वा सांगलीकडील हळद शिजविण्याची व्यवस्था, हाच हिशेब तेथेही लागू पडतो. विस्तार कार्यकर्त्यांनी नव्या बांधकामाचा आराखडा पाहताना खर्चाच्या अंदाजपत्रकाशेजारी 'प्रतिकिलो इंधन' हा रकाना आवर्जून ठेवावा.